कंट्रोलरमधून थेट ‘इको’: बगल नेमकी कशाला दिली जाते?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा. कोडइग्नायटर ३ या पीएचपी फ्रेमवर्कवर चालणाऱ्या एका प्रणालीत आपण तीन ठिकाणी व्ह्यू (पानाची मांडणी लिहिलेली फाइल) न वापरता कंट्रोलरमधूनच (विनंती हाताळणाऱ्या क्लासमधूनच) मजकूर बाहेर पाठवता. जिल्हा निवडला की त्यातील तालुक्यांची यादी जेसन या प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या मजकूर-स्वरूपात देणारी एक मेथड आहे, सभासदांची यादी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला तक्ता) म्हणून उतरवून देणारी दुसरी आहे, आणि मुख्य पानाच्या माथ्यावर सूचना दाखवणारी एक ओळ आहे. तिन्ही ठिकाणी मजकूर छापणारे ‘इको’ वापरले आहे आणि पहिल्या दोन ठिकाणी त्यापाठोपाठ प्रोग्रॅम तिथेच थांबवणारे ‘एक्झिट’ आहे. इतके दिवस सगळे सुरळीत चालले. मात्र नव्या सर्व्हरवर गेल्यापासून काही पानांवर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ असा इशारा दिसू लागला आणि आपले सहकारी म्हणाले की फ्रेमवर्कचे संकेत मोडल्याचे हे फळ आहे. संकेत मोडणे इतके गैर आहे का आणि जुना सगळा कोड बदलावा लागेल का, असे आपण विचारले आहे.

सहकाऱ्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. व्ह्यू न वापरणे हा संकेतभंग नाहीच. जेसनसाठी वेगळी व्ह्यू फाइल लिहिणे म्हणजे नुसती हमाली आहे आणि ती करावी असे मी कोणालाही सांगणार नाही. पण आपल्या कोडमध्ये व्ह्यूबरोबर आणखी एक गोष्ट वगळली गेली आहे, ती म्हणजे उत्तर एकत्र गोळा करून योग्य हेडरांसह, म्हणजे मजकुराआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळींसह, शेवटी एकदाच पाठवणारी फ्रेमवर्कची यंत्रणा. या दोन गोष्टी दिसायला एकच वाटतात, कारण दोन्ही एकाच ‘इको’ने साधतात. पहिली वगळल्याने काहीही बिघडत नाही. दुसरी वगळायची असेल तर ती जी कामे गुपचूप करत होती, ती सगळी आपल्या अंगावर येतात.

ती कामे कोणती, हे कळण्यासाठी कोडइग्नायटर ३ मध्ये एका विनंतीचा प्रवास कसा होतो ते पाहावे लागेल. प्रणाली जागी होते, या पत्त्याचे पान आधीच कॅश केलेले, म्हणजे तयार करून साठवलेले, आहे का ते तपासते, नसेल तर कंट्रोलर तयार करून आपली मेथड चालवते. मेथडमध्ये आपण व्ह्यू लोड करतो, तेव्हा लोडर एक बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता धरून ठेवणारी जागा, उघडतो, व्ह्यूमधील सगळे ‘इको’ त्या बफरात पडतात आणि तो मजकूर आउटपुट क्लासच्या अंतिम मजकुराला जोडला जातो. या क्षणापर्यंत ब्राउझरकडे एक अक्षरही गेलेले नसते. मेथड संपल्यावर ‘पोस्ट_कंट्रोलर’ हा हुक, म्हणजे ठरलेल्या टप्प्यावर आपला कोड चालवण्याची सोय, चालतो, मग आउटपुट क्लासची ‘_डिस्प्ले’ मेथड कॅश फाइल लिहिते, साठवलेली हेडर पाठवते, पानाला लागलेला वेळ वगैरे दाखवणारा प्रोफायलर चालू असेल तर त्याचा तक्ता जोडते आणि सगळा मजकूर बाहेर सोडते. सर्वांत शेवटी ‘पोस्ट_सिस्टम’ हुक चालतो. व्ह्यूभोवती बफर असतो, तसा कंट्रोलरभोवती नसतो. त्यामुळे व्ह्यूमधील ‘इको’ रांगेत उभे राहते आणि कंट्रोलरमधील ‘इको’ रांग मोडून थेट दाराबाहेर पडते.

आपली सूचना पानाच्या माथ्यावर दिसते, ती याच कारणामुळे. ती ओळ आपण मेथडच्या शेवटी, सर्व व्ह्यू लोड केल्यानंतर लिहिली असती तरी ती वरच दिसली असती. पानाचा स्रोत उघडून पाहिलात तर ती ‘डॉकटाइप’ या एचटीएमएलच्या पहिल्या घोषणेच्याही आधी आलेली आढळेल, आणि ‘डॉकटाइप’च्या आधी मजकूर आला की ब्राउझर जुन्या, सैल नियमांनी पान मांडू लागतो. कधी तरी पानाची मांडणी किंचित हलल्यासारखी वाटली असेल, तर दोष सीएसएसमध्ये शोधू नये.

इथे एक गंमत नोंदवायला हवी. कोडइग्नायटर ३ च्या अधिकृत मार्गदर्शिकेत कंट्रोलरचे पहिलेच उदाहरण ‘हॅलो वर्ल्ड’ ‘इको’ करण्याचे आहे. नवशिक्याला पाच मिनिटांत काहीतरी पडद्यावर दिसावे म्हणून ते तसे आहे आणि त्या हेतूला ते योग्यही आहे. पण पुढे कित्येकांच्या हाताला तेच वळण पडते. पीएचपीमध्ये हा मोह जास्त असण्याचे मूळ भाषेच्या जन्मात आहे. १९९५ मध्ये रासमस लेरडॉर्फ यांनी ती वैयक्तिक मुखपृष्ठासाठीची साधने म्हणून प्रसिद्ध केली, आणि ‘छापलेले ते ब्राउझरकडे’ हा तिचा स्वभाव तेव्हापासूनचा आहे. रूबी भाषेच्या रूबी ऑन रेल्स फ्रेमवर्कमध्ये कंट्रोलरमधून ‘पुट्स’ केले किंवा पायथनच्या जँगोमध्ये व्ह्यू फंक्शनमधून (तिथे ते कंट्रोलरचे काम करते) ‘प्रिंट’ केले, तर मजकूर सर्व्हरच्या टर्मिनलवर उमटतो, ब्राउझरला त्याचा पत्ताही लागत नाही. जँगोत तर व्ह्यू फंक्शनने रिस्पॉन्स, म्हणजे उत्तराचा ऑब्जेक्ट, परत दिला नाही तर सरळ त्रुटीच येते. तिथे ही चूक करायची सोयच नाही, म्हणून तिथल्या मंडळींना शिस्तीचे श्रेय फुकट मिळते.

आता परिणामांकडे येतो, आणि आधी कॅशकडे, कारण हा दोष शोधताना माणसे हैराण होतात. समजा, मुख्य पानावर आपण आउटपुट क्लासची ‘कॅश’ मेथड लावली. पहिल्या भेटीत सूचना आणि पान दोन्ही दिसतील. कॅश फाइलमध्ये मात्र फक्त अंतिम मजकूर लिहिला जातो, आणि ‘इको’ केलेली सूचना त्यात कधी गेलेलीच नसते. दुसऱ्या भेटीपासून कंट्रोलर चालतच नाही. कॅशमधले पान येते आणि सूचना नाहीशी होते. कॅशची मुदत संपली की ती एका भेटीपुरती पुन्हा उगवते. ‘माझ्याकडे दिसते, साहेबांकडे दिसत नाही’ या जातीच्या तक्रारींमागे हे कारण मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

दुसरा परिणाम संकुचनाचा, म्हणजे मजकूर आकसून पाठवण्याचा, आहे. कॉन्फिग फाइलमध्ये ‘कॉम्प्रेस_आउटपुट’ नावाची सोय आहे, जी मुळात बंद असते. तिच्या वरच्या टिप्पणीत स्पष्ट बजावले आहे की ही सोय चालू असताना काहीही ‘इको’ करू नये, आणि कोरे पान दिसत असेल तर कुठून तरी वेळेआधी काहीतरी बाहेर पडले आहे असे समजावे. फाइलच्या शेवटची एक रिकामी ओळदेखील त्याला पुरते. पुष्कळजण ही टिप्पणी पान कोरे झाल्यावर वाचतात.

‘एक्झिट’चा परिणाम याहून गंभीर आहे, कारण तो पडद्यावर दिसत नाही. ‘एक्झिट’ म्हटल्यावर वर सांगितलेल्या प्रवासाचा उरलेला सगळा भाग रद्द होतो: ‘पोस्ट_कंट्रोलर’ नाही, ‘_डिस्प्ले’ नाही, ‘पोस्ट_सिस्टम’ही नाही. मी एकदा अशाच एका प्रणालीत कोणी कोणती माहिती पाहिली याची नोंद ‘पोस्ट_सिस्टम’ हुकात ठेवली होती. एका जागी हुक लावला की सगळी पाने आपोआप नोंदली जातील, याचा मला अभिमानही वाटत होता. लेखापरीक्षणाच्या वेळी लक्षात आले की फाइली उतरवून घेतल्याची एकही नोंद नाही, आणि नेमकी तीच माहिती सर्वांत नाजूक होती. प्रत्येक निर्यात मेथडच्या शेवटी ‘एक्झिट’ होते, आणि तीही मीच लिहिलेली होती. स्वयंचलित चाचण्यांचेही तेच. चाचणी चालू असताना कंट्रोलरने ‘एक्झिट’ केले की त्या मेथडची नव्हे, पीएचपीयुनिट या चाचणी-साधनाची संपूर्ण फेरीच तिथे थांबते.

आता नव्या सर्व्हरवरील इशाऱ्याबद्दल. एचटीटीपीमध्ये हेडर आधी आणि मजकूर नंतर जातो, हा क्रम उलटता येत नाही. मजकुराचा पहिला बाइट बाहेर पडला की हेडरांचे दार बंद होते, आणि त्यानंतर रीडायरेक्ट (दुसऱ्या पानाकडे वळवणे), कुकी किंवा सेशन (वापरकर्त्याच्या भेटीची सर्व्हरवरील नोंद) सुरू करण्याचा प्रयत्न केला की तो इशारा येतो. मग जुन्या सर्व्हरवर तो का येत नव्हता? पीएचपीबरोबर येणाऱ्या दोन्ही नमुना आयएनआय (सेटिंगच्या) फाइलींत ‘आउटपुट_बफरिंग’ ४०९६ असते, म्हणजे पहिले ४०९६ बाइट पीएचपी स्वतःच धरून ठेवते. आयएनआय फाइलच नसेल तर मात्र हे बफरिंग बंद असते. आपल्या जुन्या सर्व्हरवर ही उशी होती आणि नव्यावर ती बहुधा नाही. ‘पीएचपीइन्फो’मध्ये दोन्हीकडचा आकडा ताडून पाहावा.

आकडा सारखाच निघाला, तर सूचनेची लांबी पाहावी. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, आणि इथे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हे धरली जातात. म्हणजे ४०९६ बाइटांत जेमतेम १३६५ चिन्हे मावतात. इंग्रजी नमुना मजकुरावर तपासलेले पान मराठी मजकूर भरल्यावर फुटते, ते यामुळे. कोड तोच असतो, पण उशी तिपटीने लवकर भरते. इशारा वाचताना एक गोष्ट नीट पाहावी: ‘आउटपुट स्टार्टेड अ‍ॅट’ या शब्दांनंतर दिलेली फाइल आणि ओळ हे खरे दोषस्थान असते, इशाऱ्याच्या शेवटी आलेली ओळ नव्हे. पुष्कळदा माणसे रीडायरेक्टची ओळ दुरुस्त करत बसतात, आणि ती बिचारी निर्दोष असते.

दाखवलेली ओळ १ असेल आणि तिथे ‘इको’ नसेल, तर ती फाइल बहुधा बीओएमसह साठवलेली आहे असे समजावे. बीओएम म्हणजे यूटीएफ-८ फाइलच्या माथ्यावर बसणारे ईएफ, बीबी, बीएफ हे तीन अदृश्य बाइट. विंडोजच्या नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-८’ निवडले की पूर्वी ते आपोआप लागत. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून ते मुळात लागत नाहीत. मराठी भाषा-फाइल ज्यांनी जुन्या नोटपॅडमध्ये बसून भरली, त्यांच्या प्रणालीत हे तीन बाइट अजूनही सापडतात. आणखी एक: आउटपुट क्लासमध्ये साठवलेली हेडर पाठवताना कोडइग्नायटर ३ त्रुटी दडपणारे ‘अ‍ॅट’चे चिन्ह वापरते. म्हणून ‘सेट_हेडर’ने दिलेले हेडर वेळेआधीच्या ‘इको’मुळे गळाले तर इशारादेखील येत नाही. ज्या पानांवर इशारा दिसत नाही ती ठीक आहेत, असे गृहीत धरू नका.

आता आपल्या तीन ठिकाणांबद्दल एकेक. सूचनेचे उत्तर दोन ओळींत संपते: ती डेटाच्या अ‍ॅरेत घालून शीर्षपट्टीच्या व्ह्यूकडे द्यावी आणि तिथे ‘एचटीएमएल_एस्केप’ करून दाखवावी. इथे बगल देण्याचे काहीच कारण नव्हते.

तालुक्यांच्या यादीत बगल योग्य आहे, दार मात्र चुकले आहे. आउटपुट क्लासवर ‘सेट_कंटेंट_टाइप’ने ‘अ‍ॅप्लिकेशन/जेसन’ आणि यूटीएफ-८ सांगावे, ‘सेट_आउटपुट’ला ‘जेसन_एन्कोड’ केलेला मजकूर द्यावा आणि पुढे ‘रिटर्न’ लिहावे. व्ह्यू लागत नाही, ‘एक्झिट’ लागत नाही, आणि हुक, हेडर सगळे जागच्या जागी राहते. ‘सेट_आउटपुट’ आधीचा जमलेला मजकूर पुसून नवा ठेवते आणि ‘अपेंड_आउटपुट’ त्यात भर घालते, हा फरक ध्यानात ठेवावा. कंट्रोलरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये शीर्षपट्टी लोड करण्याची सवय असेल, तर जेसनच्या पुढे एचटीएमएल चिकटू नये म्हणून ‘सेट_आउटपुट’च हवी. मार्गदर्शिकेत या साखळीच्या शेवटी ‘_डिस्प्ले’ बोलावून ‘एक्झिट’ करण्याचे उदाहरणही आहे. त्यात हेडर तरी नीट जातात, पण मेथडनंतरचे हुक तरीही हुकतात. म्हणून मी ते फक्त कन्स्ट्रक्टरमधून किंवा खोलवरच्या लायब्ररीतून तातडीने थांबायचे असेल तेव्हाच वापरतो.

नुसते ‘इको जेसन_एन्कोड’ आणि हे यांत पडद्यावर फरक दिसत नाही, म्हणून ‘चालते की’ असे म्हटले जाते. फरक असा की काही न सांगता ‘इको’ केले तर पीएचपी ‘कंटेंट-टाइप’, म्हणजे मजकुराचा प्रकार, म्हणून ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ पाठवते. ‘जेसन_एन्कोड’ मुळात कोनकंस तसेच राहू देते. फक्त तिरप्या रेघेपुढे उलटी रेघ घालते. मग कोणी आपल्या नावाच्या रकान्यात चित्राचा टॅग आणि त्यात ‘ऑनएरर’ लिहून ठेवले, आणि दुसऱ्या कोणी तो जेसनचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट उघडला, तर ब्राउझर ते पान एचटीएमएल समजून आतली स्क्रिप्ट चालवतो. तालुक्यांची नावे आपल्याच ताब्यात आहेत, म्हणून इथे धोका कमी. पण हीच मेथड उद्या नक्कल करून सभासदांसाठी वापरली जाईल. योग्य ‘कंटेंट-टाइप’ आणि सोबत ब्राउझरला प्रकाराचा स्वतः अंदाज बांधू न देणारे ‘नोस्निफ’ हेडर एवढे केले की हा मार्ग बंद होतो. जाता जाता, ‘जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड’ हा पर्याय पीएचपी ५.४ पासून उपलब्ध आहे. तो न दिल्यास देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सहा बाइटांच्या सांकेतिक रूपात जाते, दिल्यास तीन बाइटांत जाते. अर्थ दोन्हीकडे तोच, पण लॉग वाचताना ‘पुरंदर’ला ‘पुरंदर’ म्हणून वाचता येणे हे सुख कमी नाही.

सीएसव्हीचा मामला खरा विचार करण्याजोगा आहे. यादी काही हजार ओळींची असेल तर वरचाच मार्ग घ्यावा: मजकूर एका स्ट्रिंगमध्ये तयार करून ‘सेट_आउटपुट’ला द्यावा. पण लाखो ओळी असतील तर संपूर्ण मजकूर स्मृतीत धरणे परवडत नाही. पीएचपीची मूळ स्मृतिमर्यादा १२८ मेगाबाइट आहे, आणि ‘रिझल्ट’ मेथडने सगळ्या ओळी अ‍ॅरेत आणल्या की ती फाइल लिहिण्याआधीच संपते. इथे आउटपुट क्लासला बगल देणे चूक तर नाहीच, तोच एक मार्ग आहे. खुद्द कोडइग्नायटरही तेच करते. त्याच्या ‘फोर्स_डाउनलोड’ या सहायक फंक्शनचा कोड उघडून पाहावा: ते आधी बफर रिकामा करते, हेडर स्वतः पाठवते, मग फाइल एकेक मेगाबाइटच्या तुकड्यांत ‘इको’ करते आणि शेवटी ‘एक्झिट’ करते. आपल्या कोडमध्ये आणि त्या कोडमध्ये फरक आहे तो ‘एक्झिट’च्या आधी केलेल्या तयारीचा.

ती तयारी आपण अशी करावी. अधिकार तपासणे, गाळण्याच्या अटी तपासणे, उतरवल्याची नोंद करणे हे सगळे पहिला बाइट जाण्याआधी उरकावे, कारण नंतर चूक सापडली तरी त्रुटी कळवणारा ‘५००’ हा स्थितिअंक पाठवता येत नाही. वापरकर्त्याच्या फाइलमध्ये शेवटी त्रुटीचा एचटीएमएल मजकूर येऊन पडतो. मग ‘सेशन_राइट_क्लोज’ बोलवावे. ही ओळ जवळपास सगळेजण विसरतात. सेशन उघडे असेपर्यंत त्यावर कुलूप असते, आणि फाइल उतरायला दोन मिनिटे लागली तर त्याच वापरकर्त्याचे दुसऱ्या टॅबमधील प्रत्येक पान दोन मिनिटे खोळंबते. तो म्हणतो, सर्व्हर बंद पडला. आपण पाहतो तर सर्व्हर मोकळा बसलेला असतो. त्यानंतर आधीचे बफर बंद करावेत, हेडर पाठवावीत, ‘पीएचपी://आउटपुट’ हा प्रवाह उघडावा आणि प्राथमिक किल्लीच्या क्रमाने हजार-हजार ओळी आणत ‘एफपुटसीएसव्ही’ने लिहीत जावे. प्रत्येक तुकड्यानंतर ‘फ्लश’ करावे. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर तोही स्वतःचा बफर ठेवतो, त्याला ‘एक्स-अ‍ॅक्सेल-बफरिंग: नो’ हे हेडर देऊन थांबवता येते, फाइल उतरवण्यासाठी ते बहुधा लागत नाही, प्रगती क्षणाक्षणाला दाखवायची असेल तर लागते.

मराठी मजकुरासाठी यात तीन बारकावे आहेत. पहिला: फाइलच्या माथ्यावर बीओएमचे तेच तीन बाइट लिहावेत, नाहीतर विंडोजवरील एक्सेल दुहेरी क्लिकने उघडलेली फाइल यूटीएफ-८ आहे हे न ओळखता नावांचा चुराडा करून दाखवते. पीएचपी फाइलमध्ये जे विष, ते इथे औषध. दुसरा: ‘कंटेंट-लेंग्थ’ द्यायची असेल तर ती बाइटांत मोजावी, म्हणजे ‘एसटीआरलेन’ने, ‘एमबी_एसटीआरलेन’ चिन्हे मोजते, आणि तो आकडा हेडरमध्ये दिला की ब्राउझर तेवढेच बाइट घेऊन यादी मध्येच तोडतो. प्रवाहात लांबी आधी माहीत नसते, तेव्हा हे हेडर देऊच नये. तिसरा: फाइलचे नाव देवनागरीत हवे असेल तर ‘कंटेंट-डिस्पोझिशन’मध्ये साध्या ‘फाइलनेम’बरोबर तारांकित ‘फाइलनेम’ही द्यावे, ज्यात यूटीएफ-८ चे नाव टक्केचिन्हांच्या रूपात लिहितात, २०११ च्या आरएफसी ६२६६ मध्ये हीच पद्धत सांगितली आहे. साधे नाव रोमन लिपीत ठेवले की जुन्या साधनांचीही सोय होते. आणि वापरकर्त्याने भरलेला रकाना बरोबर, अधिक, वजा किंवा ‘अ‍ॅट’ या चिन्हाने सुरू होत असेल तर त्यापुढे एकेरी अवतरण घालावे, कारण एक्सेल त्याला सूत्र समजते.

फाइल आधीच डिस्कवर तयार असेल तर पीएचपीने ती वाचून देण्याचेही कारण नाही. अधिकार तपासून ‘एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट’ हे हेडर दिले की एनजिनएक्स ती फाइल स्वतः पाठवते आणि पीएचपी मोकळे होते. हीदेखील बगलच आहे, पण ती हेडराच्या वाटेने दिली जाते, म्हणून आउटपुट क्लास आणि हुक दोन्ही शाबूत राहतात. मला हा मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो.

पुढे केव्हातरी लारव्हेल या दुसऱ्या पीएचपी फ्रेमवर्ककडे जाण्याचा विचार आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून तिथला एक फरक आताच सांगतो. कोडइग्नायटर ३ पीएचपीचे मूळ सेशन वापरते, म्हणून ‘एक्झिट’नंतरही सेशन पीएचपीकडून लिहिले जाते. लारव्हेलचे सेशन मिडलवेअरमध्ये (कंट्रोलरच्या आधी-नंतर चालणाऱ्या थरात), रिस्पॉन्स परत आल्यावर साठवले जाते. कंट्रोलरमध्ये ‘एक्झिट’ केले की त्या विनंतीत सेशनमध्ये केलेले बदल वाऱ्यावर जातात, आणि रांगेत ठेवलेल्या कुकीही जात नाहीत. लारव्हेलच्या ऑक्टेनसारख्या व्यवस्थेत एकच प्रक्रिया अनेक विनंत्या हाताळते. तिथे ‘एक्झिट’ हा त्या प्रक्रियेचाच शेवट ठरू शकतो. याउलट तिथे बगल देण्याची गरजच कमी पडते: कंट्रोलरमधून स्ट्रिंग परत दिली तर तिचा साधा रिस्पॉन्स होतो, अ‍ॅरे परत दिला तर जेसन होतो, आणि मोठ्या फाइलसाठी ‘स्ट्रीमडाउनलोड’ला एक फंक्शन द्यायचे असते, ज्याच्या आत ‘इको’ करणे हीच अपेक्षित रीत आहे. शब्द तोच, फ्रेमवर्कने ज्या क्षणी बोलावले त्या क्षणी तो उच्चारला जातो एवढेच. २०२० मध्ये आलेल्या कोडइग्नायटर ४ मध्येही कंट्रोलरने स्ट्रिंग किंवा रिस्पॉन्स परत द्यावा अशीच अपेक्षा आहे. ‘इको’ केलेला मजकूर तिथे बफरात धरला जातो आणि परत दिलेल्या मजकुराच्या आधी जोडला जातो, म्हणून जुन्या सवयीचा कोड तिथे चालल्यासारखा दिसतो.

जुना सगळा कोड बदलण्याची गरज नाही. ‘अ‍ॅप्लिकेशन’ फोल्डरमधील कंट्रोलर, मॉडेल, लायब्ररी आणि हेल्पर यांत ‘इको’, ‘प्रिंट_आर’, ‘व्हार_डंप’ आणि ‘एक्झिट’ शोधावे. विसरून राहिलेले तपासणीचे ‘प्रिंट_आर’ आधी काढावेत. ते हवेच असतील तर दुसरा आर्ग्युमेंट ‘ट्रू’ देऊन निकाल ‘लॉग_मेसेज’कडे वळवावा. त्यानंतर ज्या मेथडमध्ये ‘इको’नंतर रीडायरेक्ट किंवा कुकी आहे त्या हाती घ्याव्यात, कारण आजचा इशारा तिथूनच येतो आहे. जेसनच्या मेथड एका समान मूळ कंट्रोलरात ‘जेसन_उत्तर’ अशी एक मेथड लिहून एकेक करून तिच्याकडे वळवता येतील. घाई नाही, मात्र ज्यात वापरकर्त्याने भरलेला मजकूर जातो त्यांना पहिला क्रमांक द्यावा. मोठ्या निर्यातीतले ‘एक्झिट’ राहू द्यावे, फक्त त्याच्या वर तीन-चार ओळींची टिप्पणी लिहावी: इथे आउटपुट क्लास वगळला आहे, हुक चालणार नाहीत, म्हणून नोंद वर हाताने केली आहे. सूचना व्ह्यूमध्ये हलवून झाली की नव्या सर्व्हरवर ‘आउटपुट_बफरिंग’ शून्य ठेवूनच सगळी पाने एकदा फिरून पाहावीत, आणि तपासणी संपेपर्यंत ते ४०९६ वर नेऊ नये.